वेळापत्रकातली रिकामी जागा

जुलैच्या आसपास लातूरच्या ट्यूशन एरियात नीटच्या रिपीटर बॅचेस रंगात येतात आणि भाड्याच्या खोल्यांच्या भिंतींवर नवी वेळापत्रकं चिकटतात. पहाटे ४ ला उठणे, साडेचार ते सात बायोलॉजी, आंघोळ-नाश्त्याला अर्धा तास, मग क्लास, जेवणाला २० मिनिटं, नंतर अभ्यासिका, रात्री साडेअकराला झोप. बेरीज केली की अभ्यासाचे १४ तास भरतात. ऑगस्ट संपेपर्यंत कागद भिंतीवर असतो, पण त्याप्रमाणे चालणं थांबलेलं असतं. सप्टेंबरात नवा कागद येतो, वेगळ्या रंगाच्या स्केचपेनने आखलेला, आणि त्यात १५ तास असतात.

घरचे म्हणतात, पोरात जिद्द कमी पडते. थोड्या दिवसांनी पोरगंही तेच मानायला लागतं. मला हे पटत नाही. त्या कागदातलं गणितच असं असतं की ते कुणाच्याही जिद्दीने तीन आठवड्यांपलीकडे टिकणार नाही. आणि ते कोसळल्यावर मुलाच्या मनात जे सुरू होतं, त्यातूनच पुढचा थकवा, चिडचिड आणि 'आता काही होत नाही' ही भावना जन्माला येते. म्हणून हे गणित नीट मांडून पाहायला हवं. उदाहरण रिपीटरचं, म्हणजे बारावीनंतर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्याचं घेतो, कारण त्याचा आठवडा हिशेबाला सोपा असतो. बारावीत असलेल्यांचं थोडं वेगळं आहे, त्याकडे नंतर येऊ.

आधी परीक्षा काय मागते ते पाहू. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-यूजीचा पेपर ७२० गुणांचा आणि १८० प्रश्नांचा: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. करोनाच्या काळापासून काही वर्षं काही प्रश्नांना पर्याय होते. २०२५ मध्ये ती सवलत गेली, आणि दुपारी २ ते ५ या वेळेत १८० मिनिटांत १८० प्रश्न असा पेपर झाला. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर आहेत, म्हणजे एका जागेमागे १७-१८ जण. हा आकडा मी सुरुवातीलाच सांगतो, कारण कुठलंही वेळापत्रक सगळ्यांना जागा देऊ शकत नाही. वर्षभराची मेहनत वाया न जाऊ देणं आणि मे महिन्यात मूल शरीराने-मनाने धड राहील हे पाहणं, एवढंच त्याच्या हातात असतं. ते पुष्कळ आहे.

या पेपरात तुम्ही किती तास बसलात हे कुणी विचारत नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी वाचलेली गोष्ट मे महिन्याच्या उन्हात, दुपारी अडीच वाजता, एका मिनिटात आठवते का, एवढंच विचारलं जातं. सगळं नियोजन त्या एका मिनिटाकडून मागे मोजत यायला हवं.

लातूरने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद विज्ञान महाविद्यालय यांच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेला काळ सराव परीक्षांना द्यायचा, हा त्याचा गाभा. पुढे त्याची नक्कल करताना तास उचलले गेले आणि गाभा मागे राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आठवड्याचा हिशेब. आठवड्यात १६८ तास असतात. रोज ८ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. जेवण, आंघोळ, कपडे धुणं, मेसला जाणं-येणं, घरी फोन, यांना रोज ४ तास लागतात. लागत नाहीत असं ज्याला वाटतं त्याने दोन दिवस घड्याळ लावून पाहावं. ते २८ तास वजा केले की ८४ राहतात. क्लास रोज ५ तास, सहा दिवस: ३० गेले, उरले ५४. आठवड्याची टेस्ट जाण्या-येण्यासकट ४ तास: ५०. रोज तासभर चालणं किंवा खेळ: ४३. आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी, ५ तास धरू: ३८.

स्वतःच्या अभ्यासाला खरोखर उपलब्ध असलेला वेळ हा इतकाच आहे. आठवड्याला ३८ तास, दिवसाला साधारण साडेपाच. क्लासचे ५ तास मिळवले तरी दिवसाला साडेदहा. भिंतीवरच्या १४ तासांतले उरलेले साडेतीन येतात कुठून? झोपेतून, चालण्यातून आणि सुट्टीतून. म्हणजे उसने आणलेले असतात, आणि ते परत फेडावे लागतात.

या ३८ तासांतलेही ६ तास मी कशालाही न देता रिकामे ठेवायला सांगेन. पालकांना हे ऐकून धक्का बसतो, म्हणून कारण सविस्तर सांगतो. एसटीच्या गाडीचं उदाहरण घ्या. लातूर-उदगीर-लातूर अशा फेऱ्या दिवसभर लावल्या आणि स्थानकात थांबायला मध्ये दहा मिनिटंही ठेवली नाहीत, तर सकाळी पहिल्या फेरीत पंक्चर झालेल्या टायरचा उशीर रात्रीच्या शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला येतो. गाडी किती वेगाने पळवली याने तो भरून निघत नाही. मध्ये थांबा असेल तर दोन फेऱ्यांत उशीर विरून जातो. वेळापत्रकाचंही हेच. एका दिवशी ताप येतो, एका दिवशी रोटेशनल मोशनचं लेक्चर डोक्यावरून जातं, एका दिवशी खोलीत पाणी येत नाही. सगळे तास आधीच भरलेले असतील तर त्या दिवशी राहिलेलं काम उद्याच्या कामावर चढतं, उद्याचं परवावर. यालाच मुलं 'बॅकलॉग' म्हणतात. ऑक्टोबर आला की कुणाही रिपीटरच्या बोलण्यात हा शब्द सर्वांत जास्त येतो.

माणूस आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज पद्धतशीरपणे कमी बांधतो. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला, प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. 'सगळंच बिनसलं तर किती लागतील?' या प्रश्नावरही त्यांनी ४९ च्या आसपास सांगितले होते, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. त्यामुळे 'एक चॅप्टर दोन तासांत' असं लिहिताना आपण अडीच-तीन तासांचं काम लिहीत आहोत हे गृहीत धरावं. रिकामे ६ तास हे या सवयीवरचं औषध आहे. मी ते दोन भागांत ठेवतो, तीन तास बुधवारी आणि तीन तास शनिवारी. एकाच जागी ठेवले तर राहिलेलं काम सहा दिवस डोक्यावर बसून राहतं. आणि ज्या आठवड्यात काहीच राहिलं नाही, त्या आठवड्यात ते तास मोकळेच जाऊ द्यायचे. बक्षीस म्हणून नवीन चॅप्टर उघडायचा नाही.

रिकामे ६ गेले, ३२ राहिले. त्यांतले ४ टेस्टच्या विश्लेषणाला. उरले २८. त्यांचं काय करायचं हे ठरवायला विसरण्याची गती समजून घ्यावी लागते.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने किती उरलं ते मोजायचं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हे त्याला दिसलं. पाठांतर एका बैठकीत उरकण्याऐवजी दिवसांत विभागलं तर कमी मेहनतीत टिकतं, हेही. सव्वाशे वर्षांनंतर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी त्यात मोलाची भर घातली. २००६ च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तर चित्र उलटं झालं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

यातला पाच मिनिटांचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुन्हा वाचल्यावर लगेच 'येतंय' असं वाटतं, आणि ते वाटणं खरंही असतं, पण फक्त त्या संध्याकाळपुरतं. हायलायटरने पिवळं झालेलं एनसीईआरटीचं पान पाचव्यांदा वाचताना ओळखीचं वाटतं. त्या ओळखीलाच मूल अभ्यास समजतं. मग टेस्टमध्ये प्रश्न समोर आला की पान डोळ्यांपुढे दिसतं, ते उजवीकडचं होतं हेही आठवतं, उत्तर तेवढं येत नाही. आठ तास बसूनही गुण वाढत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा घडतं ते हे. आणि कष्ट करूनही फळ न दिसणं हे माणसाला कष्टांपेक्षा लवकर थकवतं.

म्हणून रिव्हिजन म्हणजे पुस्तक मिटून आठवणं. कोरा कागद घ्यायचा, वर 'नेफ्रॉन' लिहायचं, आकृती काढायची, कुठल्या भागात काय शोषलं जातं ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. लाल शाई जिथे पडली तेवढंच पुढच्या वेळी वाचायचं. फिजिक्समध्ये सूत्र स्वतः मांडायचं आणि त्यावर दोन गणितं सोडवायची. इनऑर्गॅनिकचे अपवाद आणि बायोलॉजीतली उदाहरणं यांना छोटी कार्डं उत्तम. प्रश्न पुढे, उत्तर मागे.

आता याला वेळ किती लागतो? समजा रोज तीन लेक्चर होतात. प्रत्येक लेक्चर त्याच रात्री, तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने असं चार वेळा आठवायचं. काही आठवडे गेले की कुठल्याही दिवशी अशी १२ छोटी कामं समोर असतात. प्रत्येकाला १० मिनिटं धरली तर रोज २ तास, क्लासच्या सहा दिवसांचे आठवड्याला १२. बहुतेक वेळापत्रकांत हे १२ तास कुठेच लिहिलेले नसतात. 'रिव्हिजन' हा शब्द शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि तोवर जूनमध्ये शिकलेलं युनिट-डायमेन्शन पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

२८ मधून १२ गेले, १६ राहिले. हे सोळा तास प्रश्न सोडवण्याचे. इथे मी विषयांची समान वाटणी करणार नाही. बायोलॉजीला ३६० गुण आहेत, पण तिचा बराच भार आठवण्याच्या १२ तासांत उचलला जातो. सोळातले ८ फिजिक्सला, ५ केमिस्ट्रीला, ३ बायोलॉजीला अशी सुरुवात करावी आणि दर महिन्याला टेस्टचे गुण पाहून फिरवावी. एका सवयीवर लक्ष ठेवावं: मन थकलं की हात आपोआप बायोलॉजीकडे जातो, कारण तिथे वाचलं तरी काम झाल्यासारखं वाटतं. फिजिक्स संध्याकाळी आठनंतर कधीच उघडलं जात नसेल तर ते सकाळी, डोकं ताजं असताना घ्यायला हवं. शिवाय एकाच चॅप्टरची पन्नास गणितं ओळीने सोडवण्यापेक्षा तीन-चार चॅप्टरची मिसळून सोडवावीत. सोडवताना ती जास्त चुकतात आणि त्रास होतो, पण परीक्षेत नेमकं तेच करायचं असतं: हे गणित कशाचं आहे ते आधी ओळखायचं. पेपरात प्रश्नावर चॅप्टरचं नाव छापलेलं नसतं.

टेस्टच्या विश्लेषणाचे ४ तास हे संपूर्ण आठवड्यातले सर्वांत किमती तास आहेत, आणि सर्वांत आधी बळी जातात तेच. रविवारी टेस्ट होते, संध्याकाळी गुण आणि रँक मोबाईलवर येतात, त्यावर रात्रभर आनंद किंवा दुःख होतं आणि सोमवारी नवं लेक्चर सुरू. पेपर पुन्हा उघडलाच जात नाही. वास्तविक चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न घेऊन त्यापुढे एक अक्षर लिहायला हवं. माहीतच नव्हतं तर 'म'. वाचलेलं होतं पण आठवलं नाही तर 'आ'. येत होतं पण वाचताना, आकडेमोडीत किंवा ओएमआरचा गोळा भरताना घोटाळा झाला तर 'घ'. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. 'म' जास्त असतील तर शिकणं बाकी आहे, 'आ' असतील तर आठवण्याची उजळणी कमी पडते, आणि 'घ' वाढत चालले असतील तर बहुतेकदा झोप कमी पडते आहे. मुलं या तिसऱ्या प्रकाराला 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतात. दर पेपरात आठ-दहा 'घ' म्हणजे ४० ते ५० गुण. एवढ्या फरकात रँक हजारोंनी सरकते.

त्यामुळे झोपेकडे येऊ. दिवसभर जागं असताना मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं आणि त्याने झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. झोप तशीच शिल्लक असते, फक्त तिची जाणीव दबते. कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे रात्री ९ ला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं पहाटे २ पर्यंत अंगात असतं. आणि दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं मोठं काम गाढ झोपेत चालतं, तेव्हा ती कापणं म्हणजे दिवसाच्या अभ्यासालाच कात्री लावणं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे.

२००३ मध्ये हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांना दोन आठवडे रोज ६ तासच झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता इतकी घसरली होती की जणू ती एक-दोन रात्री सलग जागी होती. त्याहून गंभीर म्हणजे त्यांना स्वतःला आपण इतके घसरलो आहोत असं वाटत नव्हतं. 'मला सहा तास पुरतात' असं सांगणारं पोर खोटं बोलत नसतं, त्याला खरोखरच कळत नसतं.

पहाटेच्या अभ्यासाचं आपल्याकडे फार कौतुक आहे. रात्री साडेआठला झोपणाऱ्यासाठी ते योग्यही आहे. पण किशोरवयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकलेलं असतं. अभ्यासिका दहाला बंद होते, जेवण आणि गप्पा होईतो अकरा वाजतात, आणि ४ चा गजर वाजतो. अशा मुलाने गजर साडेसहाला सरकवला तर त्याचे अडीच तास वाया जाणार नाहीत. पहाटे पुस्तकावर पेंगत काढलेल्या अडीच तासांच्या जागी झोप येईल आणि सकाळच्या क्लासमध्ये शिकवलेलं डोक्यात जाईल.

एवढं सगळं पाळूनही थकवा येतो. वर्ष मोठं असतं. साधा थकवा एका सुट्टीने जातो. बर्नआउट जात नाही. न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर पहिल्यांदा लिहिलं. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी ते मोजायची प्रश्नावली तयार केली आणि त्याची तीन अंगं दाखवली. जागतिक आरोग्य संघटना हा शब्द नोकरी-व्यवसायापुरता वापरते, पण विद्यार्थ्यांतही तीच तीन अंगं दिसतात, हे पुढच्या संशोधकांनी तपासलं आहे. आधी शक्ती संपते: सकाळी उठल्याबरोबर दमलेलं वाटतं, रविवार झोपून काढला तरी सोमवारी तेच. मग कडवटपणा येतो: सर काय शिकवतात, रँक काढून काय होणार, जो पास होतो तो नशिबाने. शेवटी स्वतःवरचा विश्वास जातो: मला हे जमणारं नव्हतंच.

पालकांना दुसरं अंग उद्धटपणा वाटतं आणि तिसरं आळस वाटतं. म्हणून पहिलं अंग दिसतानाच ओळखायला शिकावं. दोन खुणा भरवशाच्या आहेत. पुस्तक समोर धरून तासभर गेला आणि एक ओळही आत गेली नाही, असं आठवड्यातून तीन-चार वेळा व्हायला लागतं. आणि जे आधी आवडायचं, मग ते क्रिकेट असो, मित्राशी बोलणं असो की एखादा विषयच असो, तेही नकोसं होतं. असं दिसलं तर 'थोडा जोर लाव' हा सल्ला देऊ नये. तीन दिवस पुस्तक पूर्ण बंद ठेवावं, शक्यतो घरी जावं, पोटभर झोपावं. परत आल्यावर पहिला आठवडा निम्म्या वेळापत्रकाने चालवावा: क्लास आणि आठवण्याची उजळणी तेवढी ठेवायची, नवा प्रश्नसंच नाही. बॅकलॉगची यादी करून त्यातला तिसरा हिस्सा उघडपणे सोडून द्यायचा. कुठले चॅप्टर सोडले हे कागदावर लिहिलं की ते डोक्यातून उतरतात. १८० पैकी काही प्रश्न न सोडवताही प्रवेश मिळतो, हे मुलांना कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

मात्र दोन आठवडे झोप आणि भूक उडालेली असेल, सतत उदास वाटत असेल, तर ते अभ्यासाचं प्रकरण राहत नाही, डॉक्टरांकडे जावं. जगणं नको असं मनात आलं तर एक क्षणही न थांबता कुणाला तरी सांगावं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो खोलीच्या दारामागे लिहून ठेवावा, स्वतःसाठी नाही तर शेजारच्या खोलीतल्या मित्रासाठी.

क्लासचालकांचीही इथे जबाबदारी आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी टेस्ट नको, असं त्यांत लिहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आणखी निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, हा त्यांतला एक. प्रवेश घेताना फी आणि निकालाबरोबर हे तीन प्रश्न विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे: तास किती, सुट्टी कधी, समुपदेशक कोण.

घरून येणारा फोन हाही या यंत्रणेचा भाग आहे. रविवारी रात्री नऊला पप्पा विचारतात, "किती पडले?" त्या प्रश्नामागे विकलेल्या सोयाबीनचे पैसे असतात, खोलीचं भाडं असतं, काळजी असते, हे पोराला कळतं, म्हणूनच तो जड होतो. फोन रोज करावा, गुणांबद्दल महिन्यातून एकदाच बोलावं, आणि तेही चारही टेस्ट एकत्र पाहून. एका टेस्टचे गुण पेपर सोपा-अवघड असण्यानेही हलतात. २०२५ मध्ये फिजिक्स इतकं कठीण निघालं की देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६ गुण होते, आणि आदल्या वर्षी ७२० पैकी ७२० वाले कितीतरी होते. त्यामुळे आकड्याऐवजी 'या आठवड्यात बरं काय जमलं?' असं विचारावं आणि उत्तर लांबलं तरी ऐकून घ्यावं.

बारावीच्या मुलांचा हिशेब थोडक्यात सांगतो. त्यांच्या ३८ तासांतून कॉलेजची हजेरी, प्रॅक्टिकल आणि जर्नल वजा होतात, हातात २० ते २४ राहतात. त्यांनी रिपीटरची बरोबरी करायला जाऊ नये. आठवण्याची उजळणी आणि टेस्टचं विश्लेषण शाबूत ठेवून प्रश्नसंच कमी करावेत. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि प्रवेशाला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, त्यामुळे बोर्ड सोडून चालत नाही. जानेवारीच्या मध्यापासून बोर्ड संपेपर्यंत मराठी-इंग्रजीसकट बोर्डाचाच अभ्यास करावा आणि नीटसाठी रोज एक तास फक्त कार्डं फिरवावीत. बोर्डानंतर साधारण सहा-सात आठवडे मिळतात, तेव्हा वेग घेता येतो.

शेवटच्या सहा आठवड्यांत नवं काही घेऊ नये. दुपारी जेवून झोपायची सवय असेल तर ती आता मोडायची, कारण पेपर २ वाजता आहे आणि तीच शरीराच्या सुस्तीची वेळ. आठवड्यातून दोन पूर्ण पेपर बरोबर २ ते ५ या वेळेत, ओएमआर शीटवर, पंख्याखाली न बसता सोडवावेत. बायोलॉजी ४५ ते ५० मिनिटांत, केमिस्ट्री ५० मध्ये, उरलेला वेळ फिजिक्सला असा क्रम बहुतेकांना मानवतो, पण आपला क्रम एप्रिलच्या मध्यापर्यंत ठरवून टाकावा आणि मग बदलू नये. शेवटच्या आठवड्यात अभ्यासाचे तास हळूहळू उतरवत न्यावेत, झोपेची वेळ मात्र हलवू नये.

आणि निकालानंतर 'आणखी एक ड्रॉप घ्यावा का?' हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर रागात किंवा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून देऊ नये. वर्षभराच्या टेस्टच्या कागदांवरची ती अक्षरं काढावीत. 'आ' आणि 'घ' जास्त असतील आणि गुण वर्षभर चढत आले असतील, तर पुढच्या वर्षी वाढायला जागा आहे. वर्षभर सगळं शिकूनही फिजिक्सचे 'म' तेवढेच राहिले असतील आणि गुण डिसेंबरपासून जिथल्या तिथे असतील, तर तीच पद्धत आणखी एक वर्ष चालवून फरक पडायची आशा कमी. मग बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे रस्ते नीटच्याच गुणांवर खुले असतात, आणि फार्मसी किंवा कृषीसाठी एमएचटी-सीईटी असते. तिचा अर्ज आधीच भरून ठेवावा. तो भरल्याने मुलाची जिद्द कमी होते, हा पालकांचा समज मला चुकीचा वाटतो. दुसरं दार उघडं आहे हे माहीत असलेलं मूल पहिल्या पेपरात कमी घाबरतं. शेवटी मुलाला एकट्याला बसवून विचारावं की तुला पुन्हा त्या खोलीत राहायचं आहे का. 'नाही' आलं तर ते उत्तर पूर्ण मानावं. 'हो' आलं तरी जूनचा महिना त्याला घरीच राहू द्यावा आणि वेळापत्रकाचा कागद जुलैत काढावा.